पाठ टेकायला जागा

आई बागेतून लवकर घरी यायला लागली, तेव्हा मला वाटलं, गुडघे दुखत असतील. पंचाहत्तरी गाठलेल्या बाईचे गुडघे दुखणारच. पूर्वी ती साडेचारला चहा घेऊन निघायची ती दिवेलागणीलाच परतायची. येताना कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण ठरलंय, कुणाचा मोतीबिंदू पिकलाय, मेथीची जुडी कितीला झालीय, अशा साऱ्या आळीच्या बातम्या आणायची. बागेचं सुशोभीकरण झालं आणि ती अर्ध्या तासात दार वाजवायला लागली. एकदा विचारलं, तर चपला काढता काढता म्हणाली, "अगं, बसायचं कुठे? पाठ टेकायला जागाच ठेवली नाही त्यांनी."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ही बाग मी रोज येता-जाता रस्त्यावरून बघत होते आणि ती चांगली झालीय असंच माझं मत होतं. आईच्या चालीने आत शिरले तेव्हा निराळीच बाग दिसली. दुचाक्या घुसू नयेत म्हणून फाटकात लोखंडी पाइपांचा नागमोडी अडसर केलाय. त्यातून आई अंग चोरून, पदर सावरत कशीबशी गेली. आमच्या गल्लीतला एक मुलगा चाकांच्या खुर्चीत असतो. त्याची आजी त्याला घेऊन फाटकाबाहेरच उभी होती, आणि तो गजांतून आतलं कारंजं बघत होता.

आत बाकं भरपूर होती. सिमेंटचा चौथरा, वर काळा ग्रॅनाइट, ना पाठ, ना हात. एप्रिलचे दिवस, पाच वाजून गेले तरी दगड तापलेलाच. बायका वर्तमानपत्राच्या घड्या घालून टेकत होत्या. बसणं एकवेळ जमतं, पण उठताना धरायला काही नसलं की म्हातारं माणूस शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतं, आणि शेजारीणही सत्तरीची असते. पूर्वीची बाकं लोखंडी पट्ट्यांची, हिरव्या रंगाची होती. प्रत्येकावर कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव रंगवलेलं. ती रोपवाटिकेच्या शेडमागे एकावर एक रचून ठेवली होती. स्वच्छतागृह नवंकोरं बांधलं होतं आणि त्याला कुलूप होतं. किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार सहाला येतो. परतताना आई सहज बोलून गेली की बागेत जायचं असलं की ती दुपारी तीननंतर पाणी पीत नाही.

ते एक वाक्य ऐकल्यापासून मला स्वस्थता नव्हती. आपली आई संध्याकाळी दोन घटका मोकळ्या हवेत बसावी म्हणून भर उन्हाळ्यात तहान मारते, आणि त्याच बागेवर नुकताच मोठा खर्च झालेला असतो. हे कुणी ठरवलं, कसं ठरवलं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महिन्याभराने पानामागे दोन रुपये भरून फाइलच्या झेरॉक्स मिळाल्या.

फाइल म्हणजे मुख्यतः अंदाजपत्रक. पेव्हर ब्लॉक चौरस मीटरमध्ये, कर्ब स्टोन मीटरमध्ये, खोदाई घनमीटरमध्ये, दिवे नगात. प्रत्येक बाबीसमोर दरसूचीतला दर. मी ते सगळं दोनदा वाचलं. कुणी चोरी केलीय असं त्यात काही दिसलं नाही, आणि तसं दाखवण्याची मला हौसही नव्हती. खटकलं ते निराळंच. या बागेत रोज कोण येतं, किती वाजता येतं, किती वेळ बसतं, कोण येत नाही आणि का येत नाही, याची एक ओळही त्या फाइलीत नव्हती. जे मोजता येतं आणि ज्याला दर आहे तेवढंच कागदावर आलं होतं. सावली कुठल्या मापात लिहायची? चार बायकांनी समोरासमोर बसून बोलावं म्हणून बाकं कोनात ठेवायची, हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कर्तव्यं दोन जागी वाटलेली आहेत. पाणी, गटारं, दिवाबत्ती, रस्ते ही बंधनकारक. बागा, उद्यानं, खेळाची मैदानं ही मात्र कलम ६६ मध्ये, म्हणजे पालिकेने आपल्या मर्जीने करायच्या कामांत. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती झाली, बारावं परिशिष्ट आलं आणि त्यात उद्यानं, बागा, क्रीडांगणं या सोयींना स्वतंत्र नोंद मिळाली. पण कारभाराची सवय जुनीच राहिली. पैशाची ओढाताण झाली की कात्री आधी बागेला लागते. आणि पैसा आला की तो बांधकामात जातो, कारण ते भांडवली खर्चात बसतं, त्याचं उद्घाटन होतं. माळ्याचा पगार महसुली खर्चात. आमच्या बागेला पूर्वी तीन माळी होते. आता ठेकेदाराकडचे एकच मामा, सकाळी आठ ते बारा. कारंजं बसवायला एकदाच पैसा लागतो. आळं करायला, पाणी घालायला, वाळकी फांदी वेळेत उतरवायला रोज माणूस लागतो. झाडं लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे उदंड होतात. ती जगवणाऱ्या हातांची तरतूद करायला कुणी उठत नाही.

फाइलीत शेवटी जागेचा नकाशा जोडला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'मंजूर विकास आराखड्यातील आरक्षण: उद्यान'. ते वाचलं आणि मला बाबांची पत्र्याची ट्रंक आठवली.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि नकाशा दिसला की तासन् तास त्यात हरवायचे. ट्रंकेत रेशनकार्डं, विम्याच्या पावत्या आणि खाली एक पिवळी फाइल होती. आत १९८८ सालचं कार्बन कॉपीचं पत्र, त्यावर तेव्हाच्या नगरपालिकेचा जांभळा शिक्का आणि आवक क्रमांक. विषय: प्रारूप विकास आराखड्याबाबत हरकत व सूचना. बाबांचं अक्षर अगदी तसंच, टपोरं आणि उजवीकडे किंचित झुकलेलं. चार मुद्दे. पहिला असा की आमच्या वसाहतीच्या मागे जो सर्व्हे नंबर बागेसाठी दाखवला आहे त्याचा ओढ्याकडचा भाग वगळू नये. दुसरा, तिथल्या दोन चिंचा आणि करंजाची रांग नकाशात दाखवलेली नाही, ती दाखवावी. तिसरा, जागेतली विहीर बुजवू नये. चौथा, मुलींना खेळायला स्वतंत्र जागा ठेवावी. त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते.

बाग नकाशावर आधी जन्मते, जमिनीवर फार उशिरा येते, हे मला त्या पत्राने समजलं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आपली शहरं आखली जातात. विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, भाजीमंडई, बाग अशी आरक्षणं टाकली जातात. प्रारूप तयार झालं की जाहीर नोटीस निघते आणि लोकांना लेखी हरकत घेता येते. ती नोटीस वर्तमानपत्रात निविदांच्या जाहिरातींमध्ये बारीक टायपात येते. मग नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. तुमचं नाव पुकारतात, पाच-सात मिनिटं मिळतात. बाबा शाळेतून अर्धी रजा काढून गेले होते. त्या पत्रावर तारखेखाली पेन्सिलने लिहिलंय: 'ऐकून घेतलं. चहा दिला.'

आराखडा १९९२ मध्ये मंजूर झाला. जागा मात्र तशीच राहिली, बाभळी आणि घाणेरीने भरलेली. आम्ही तिथे बोरं वेचायला जायचो. या कायद्याचं कलम १२७ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण महाराष्ट्रातल्या कित्येक मैदानांचा निकाल या कलमाने लागतो. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण आपोआप संपतं. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये ती बारा महिन्यांची आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांची झाली. मालकाची बाजूही मला पटते. दहा-दहा वर्षं जमीन अडकवून ठेवायची, त्याला ना बांधता येत, ना धड विकता येत, ना मोबदला मिळत, हा अन्यायच आहे. कायद्याने त्याला दार ठेवलं ते योग्यच केलं. पण त्याची सूचना टेबलावर पडून राहिली तर बाग जाते, आणि ती गेल्याचं वसाहतीला पायाचे खड्डे खोदायला लागल्यावर कळतं.

आमच्या जागेची सूचना २००३ मध्ये आली. बाबांना ती नगररचना विभागातल्या एका आरेखकाने सांगितली. त्याला बाबांनी शाळेत शिकवलं होतं. मग वसाहतीतल्या सात-आठ जणांनी दर सोमवारी पालिकेत जायचं व्रतच घेतलं. ठराव झाला, प्रस्ताव पुढे गेला, मालकाला पैसे मिळाले, आणि हे सगळं पाचव्या महिन्यात. बाग उघडली २००७ मध्ये. दोन चिंचांपैकी एक राहिली, करंजाची रांग राहिली. विहीर बुजवली गेली.

पुण्याच्या टेकड्यांची कथा याच जातीची, फक्त फार मोठी. १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायची कल्पना निघाली. क्षेत्र साडेनऊशे हेक्टरांहून जास्त. पुण्याच्या माजी महापौर वंदना चव्हाण आणि त्यांच्याबरोबरच्या नागरिकांनी सह्या जमवल्या, सभा घेतल्या, मंत्रालयाचे उंबरे झिजवले. मंजुरी मिळायला २०१५ साल उजाडलं. जमीनमालकांना मोबदला ८ टक्के टीडीआरचा, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काचा, तो त्यांना तुटपुंजा वाटतो. हे कोडं सुटत नाही तोवर टेकडी कागदावर हिरवी आणि पायथ्याला पत्र्याच्या शेडनी कुरतडलेली, असंच चालणार. जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पुणेकरांनी ८० हजारांवर हरकती-सूचना दिल्या. मला तो आकडा आठवला की बरं वाटतं. ऐंशी हजार वेळा कुणीतरी टेबलाशी बसून आपल्या रस्त्याचा, आपल्या मैदानाचा विचार केला.

मुंबईत तर २०१५ मध्ये अख्खा प्रारूप आराखडाच लोकांच्या ओरडीमुळे मागे घ्यावा लागला आणि नव्याने करावा लागला. त्या शहरात माणशी सव्वा चौरस मीटर मोकळी जागा हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. केंद्राच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एका माणसाला सतरंजी टाकून पाय पसरायला जेमतेम पुरायचं.

आणि तरीही त्याच मुंबईत शिवाजी पार्क आहे. पालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी मोकळं ठेवलेलं ते सुमारे २८ एकरांचं मैदान, आधी माहीम पार्क, १९२७ पासून शिवाजी पार्क. मी दादरला मावशीकडे जाते तेव्हा संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावर बसतेच. मैदानाभोवती फिरणारी ती बुटकी भिंत मला फार शहाणी वाटते. पाय टेकतील एवढी उंची, डोक्यावर रेनट्रीची सावली, समोर क्रिकेट, पाठीमागे रस्ता. पोरं, पेन्शनर, प्रेमात पडलेली जोडपी, नातवाला घेऊन आलेल्या आज्या, सगळ्यांना ती पुरते. एकट्या बाईला तिथे दोन तास बसावंसं वाटलं तर कुणी तिच्याकडे वळून बघत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे बसायच्या जागांची जाण नव्हती असं नाही. देवळासमोरचा पार, नदीचा घाट, तालमीपुढचं अंगण, गावाबाहेरची आमराई, ही सगळी माणसांच्या बसण्या-बोलण्यातून घडली. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावांतून पायी हिंडले. त्यांचं म्हणणं असं की दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा गल्लीतल्या पडीक जागा मोकळ्या करा, तिथे झाड लावा, लोकांना बसू द्या. आधी गाव बघा आणि मगच पट्टी-पेन्सिल हातात घ्या. आजही एखाद्या अभियंत्याने बाग आखण्याआधी चार दिवस चार वेळांना तिथे नुसतं बसावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण वेळ बदलली की बागेतली माणसं बदलतात. अनेक शहरांत बागा दुपारी बंद असतात. आमचीही अकराला बंद व्हायची, चारला उघडायची. मी एका दुपारी मुद्दाम गेले. कुलूप लावलेल्या फाटकाच्या बाहेर, फुटपाथवर, घरकाम करणाऱ्या पाच बायका डबे उघडून बसल्या होत्या. सकाळची कामं उरकलेली, पुढचं घर तीनला. कुंपणाआतल्या करंजाची सावली जेवढी बाहेर सांडली होती तेवढ्यात त्या सरकून सरकून बसल्या होत्या. शेजारी दोन डिलिव्हरीवाली मुलं गाडीवरच डोळे मिटून पडलेली. सावलीची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठीच बाग बंद होती.

आणि मुली. आठवीपर्यंत दिसतात, मग दिसेनाशा होतात. मैदानाचा भाग क्रिकेटने अडलेला असतो, ओपन जिमवर पुरुष असतात, घसरगुंडीचं वय सरलेलं असतं. बाबांनी चौथ्या मुद्द्यात जे मागितलं होतं ते छत्तीस-सदतीस वर्षांनीही मिळालेलं नव्हतं.

मी एक पत्र लिहिलं. बाबांसारखेच चार मुद्दे, खाली बेचाळीस सह्या. उद्यान विभागाच्या साहेबांना आम्ही कार्यालयात भेटलो नाही. त्यांना संध्याकाळी पाच वाजता बागेत बोलावलं आणि आईशेजारी त्या ग्रॅनाइटवर बसायला सांगितलं. ते बसले. पहिली पाच मिनिटं बजेट कसं नाही ते सांगत होते. मग त्यांनी पाठीमागे हात टेकून बघितलं, उठले, आणि आईला विचारलं, "आजी, तुम्ही किती वेळ बसता इथे?" तिथून बोलणं खरं सुरू झालं. सातवी-आठवीच्या मुलींनी बॅडमिंटनची आखणी आणि लंगडी-खोखोची जागा मागितली. भाजीवालीने नळ मागितला. एका आजोबांनी करंजांखालचा दिवा मागितला. घरकाम करणाऱ्यांपैकी दोघी आल्या होत्या. त्यांना काही मागायचं नव्हतं, फक्त दुपारी फाटक उघडं हवं होतं. दुपारी बाग बंद का ठेवतात, याचं साहेबांकडे धड उत्तर नव्हतं. आधीपासून तसं आहे, एवढंच ते म्हणाले, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे म्हटलं.

सगळं झालेलं नाही. बॅडमिंटनची आखणी अजून व्हायची आहे, आणि माळी मामा एकटेच आहेत. पण शेडमागची आठ हिरवी बाकं परत आली. त्यांतली चार करंजांखाली दोन-दोन समोरासमोर ठेवली आहेत. फाटकातला एक पाइप कापला, चाकांची खुर्ची आता आत जाते. दुपारी बाग उघडी ठेवायचा दोन महिन्यांचा प्रयोग चालू आहे. नगररचना विभागाचं सुधारित आराखड्यासाठी सर्वेक्षणही सुरू झालंय. ओढ्यापलीकडे साडेतीन एकरांचा एक पडीक तुकडा आहे, त्यावर दोन मोठे पिंपळ आहेत. मी त्यांचे फोटो काढून, गट नंबर लिहून बाबांच्या पिवळ्या फाइलीत ठेवलेत. नोटीस कुठल्या पानावर येईल सांगता येत नाही म्हणून वर्तमानपत्र आता मागच्या पानापासून वाचते.

स्वच्छतागृहाची किल्ली सकाळपासून माळी मामांकडे आणि दुपारनंतर रखवालदाराकडे असते. त्याची वेळ सहाची चार झाली. काल साडेचारला आई निघाली. पदर खोचला, चष्मा पुसला, चपला घातल्या. मग काहीतरी आठवल्यासारखी आत वळली, माठातून तांब्याभर पाणी काढलं आणि उभ्या उभ्या प्यायली.